विष्णु दिगंबर आणि आपली बँडची खोली



मेळाव्याची आठवण म्हणून शाळेला नवे ड्रम द्यायचे आपल्या बॅचने ठरवले, त्या दिवसापासून व्हरांड्याच्या टोकाची ती बँडची खोली माझ्या डोळ्यांपुढे आहे. आपल्या जालन्याकडे शाळेच्या बँडचे तीन मोठे दिवस. २६ जानेवारीला हवा कोरडी असते, ढोलाचे पान खणखणीत वाजते. १५ ऑगस्ट आणि १७ सप्टेंबरचा मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन मात्र पावसाळ्यात येतात. दमट हवेने कातडे सैल पडते आणि आवाज बसतो. एका वर्षी १६ सप्टेंबरच्या संध्याकाळी मी मोठ्या ढोलाच्या दोऱ्या जीव खाऊन ओढल्या. दुसऱ्या दिवशी संचलन झकास झाले. शाबासकीच्या भरात ढोल तसाच खोलीत ठेवून मी घरी गेलो. ऑक्टोबरचे ऊन तापले, ओलसर असताना ताणलेले कातडे वाळून आक्रसले आणि एका सकाळी पान मधोमध फाटलेले दिसले.

सर रागावले नाहीत. त्यांनी आम्हाला फाटक्या ढोलाभोवती बसवले आणि पंडित विष्णु दिगंबर पलुस्करांची हकिगत सांगितली. पुढे वाचनातून ती मला अधिक कळली. तीच आज थोडक्यात लिहितो.

विष्णुबुवांचा जन्म १८ ऑगस्ट १८७२ रोजी कुरुंदवाडला झाला. वडील दिगंबरपंत कीर्तनकार. त्यामुळे टाळ, मृदंग, तंबोरा घरातच होते. लहानपणी फटाक्याच्या अपघातात डोळ्यांना इजा झाली आणि शाळेचे शिक्षण थांबले. मुलगा गातो चांगला, तेव्हा त्याला गाणेच शिकू द्यावे, असे ठरले आणि मिरजेला पंडित बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे त्याची तालीम सुरू झाली. बाळकृष्णबुवांनी स्वतः अपार कष्ट सोसून ग्वाल्हेरची गायकी दक्षिणेत आणली होती. शिष्याकडूनही ते तेवढ्याच मेहनतीची अपेक्षा करत.

मिरज हे तंतुवाद्यांचे गाव. तिथल्या कारागिरांचे पूर्वज शिकलगार होते, हत्यारांना धार लावणारे. आधी वाद्यांची दुरुस्ती त्यांच्या हाती आली आणि दुरुस्ती करता करता ते तंबोरे आणि सतारी घडवू लागले. दुरुस्तीतून वाद्य उमगते, याचा दाखला त्या गावाच्या गल्लीगल्लीत होता.

गाणे शिकून झाले तरी विष्णुबुवांच्या मनात एक सल होता. गाणाऱ्याची कला लोकांना हवी असे, पण गाणाऱ्याला समाजात मान नसे. १८९६ मध्ये त्यांनी मिरज सोडली. बडोदा, सौराष्ट्र, ग्वाल्हेर, मथुरा असा प्रवास त्यांनी केला. दरबारात नोकरी धरण्याऐवजी तिकीट लावून सर्वांसाठी जलसे करण्याचा त्या काळी धाडसी वाटणारा मार्ग त्यांनी निवडला. ५ मे १९०१ रोजी त्यांनी लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले. राजाच्या कृपेवर न चालणारी, लोकवर्गणीवर आणि फीवर चालणारी ती संगीताची शाळा होती.

शाळा म्हटली की वर्ग, वेळापत्रक, पाठ्यपुस्तक आणि परीक्षा आली. यातले काहीच तोवर गायनविद्येत रुळलेले नव्हते. विष्णुबुवांनी स्वरलिपी तयार केली आणि पुस्तके लिहिली. त्यांत गाण्याबरोबर मृदंग-तबल्याचाही अभ्यासक्रम होता. १९०५ पासून संगीतामृत प्रवाह हे मासिक निघू लागले. १९०८ मध्ये मुंबईत शाखा उघडली. पुस्तके छापायला विद्यालयाचा छापखाना होता आणि वाद्ये बनवायला व दुरुस्त करायला विद्यालयाचाच कारखाना होता.

सरांनी आम्हाला थांबवून विचार करायला लावला तो या कारखान्याशी. गाण्याच्या शाळेला कारखाना कशाला हवा? उत्तर त्यांनी आमच्याकडूनच काढून घेतले. शेकडो मुलांचे हात एकाच वाद्यावर रोज पडतात. तबल्याची शाई भाताची खळ आणि लोखंडाची पूड यांची असते. ओला हात लागला की ती झिजते, उखडते. पखवाजाच्या डाव्या पानाला वाजवण्याआधी कणीक लावतात. नंतर ती खरवडून काढली नाही तर पान खराब होते. हे तर आपल्या गावोगावच्या भजनी मंडळांतही ठाऊक असते. तंबोऱ्याच्या तारा रोज जुळवाव्या लागतात. उस्तादाच्या घरी एकाच वाद्याची काळजी एकटा शिष्य घेत असे. शाळेत ते काम कोणाचेच राहत नाही. म्हणून वाद्याची निगा हीसुद्धा शाळेच्या व्यवस्थेत बसवावी लागते. विष्णुबुवांनी ती बसवली.

त्यांच्या उपदेशक वर्गातले विद्यार्थी गुरूजवळच राहत. राहणे, जेवणे, शिकणे सगळे विनामूल्य. बदल्यात कडक शिस्त पाळायची आणि पुढे स्वतः शिक्षक व्हायचे. या वर्गातून ओंकारनाथ ठाकूर, विनायकराव पटवर्धन, नारायणराव व्यास, बा. र. देवधर असे शिष्य तयार झाले. नारायण मोरेश्वर खरे गांधीजींच्या साबरमती आश्रमात गेले. १२ मार्च १९३० रोजी दांडीयात्रा निघाली तेव्हा चालणाऱ्यांत तेही होते आणि वाटेवरच्या भजनांची जबाबदारी त्यांच्याकडे होती.

मात्र या सगळ्याचा खर्च भागवायला पैसा कमी पडत गेला. मुंबईत स्वतःची इमारत उभी करताना मोठे कर्ज झाले. ते फेडण्यासाठी विष्णुबुवा गावोगाव जलसे करत हिंडत राहिले, तरी कर्ज फिटले नाही. अखेर धनकोंनी इमारतीचा लिलाव केला. आयुष्यभराची कमाई अशी डोळ्यांदेखत गेली. घरातले दुःख त्याहून मोठे होते. बारा अपत्यांपैकी दत्तात्रेय हा एकच मुलगा जगला.

ते नाशिकला रामनामाच्या आश्रमात राहू लागले, पण शिकवणे त्यांनी सोडले नाही. २१ ऑगस्ट १९३१ रोजी मिरजेत, जिथे तालमीला सुरुवात झाली होती तिथेच, त्यांचे निधन झाले. दत्तात्रेय तेव्हा दहा वर्षांचा होता. त्याला विनायकराव पटवर्धन आणि नारायणराव व्यास यांनी शिकवले. तेच पुढे पंडित द. वि. पलुस्कर म्हणून देशाला माहीत झाले.

त्याच वर्षाच्या अखेरीस शिष्य अहमदाबादला जमले आणि गांधर्व महाविद्यालय मंडळाची स्थापना झाली. आपल्यापैकी ज्यांनी प्रारंभिक, प्रवेशिका या परीक्षा दिल्या, त्यांच्या प्रमाणपत्रावर याच मंडळाचे नाव आहे. इमारत लिलावात गेली, पण विद्या टिकली. ती जपायची कशी हे शिष्यांच्या अंगवळणी पडले होते, म्हणून टिकली.

हकिगत संपवून सरांनी माझ्या हाती फाटका ढोल दिला आणि त्याची दोरी सोडायला लावली. नवे पान चढवताना समोरासमोरच्या दोऱ्या थोड्या थोड्या ओढायच्या, एकाच बाजूला जोर द्यायचा नाही, हे त्या दिवशी मी शिकलो. वाजवून झाले की ताण उतरवायचा, ढोल जमिनीवर न ठेवता फळीवर ठेवायचा आणि उन्हात वाळवायचा नाही, हेही शिकलो. पुढची दोन वर्षे ढोलाची जबाबदारी माझ्याकडे होती आणि तो ढोल पुन्हा फाटला नाही.

आपण देणार आहोत त्या ड्रमना प्लास्टिकची पाने आहेत. दमटपणाचा त्रास त्यांना कमी होईल. पण आटे गंजतात, साइड ड्रमखालच्या तारा ढिल्या पडतात आणि किल्ली तर हमखास हरवते. म्हणून माझी एक विनंती आहे. ड्रमबरोबर दोन जादा किल्ल्या, पुसायची फडकी आणि पानांचा एक सुटा संच द्यावा. प्रत्येक ड्रमसाठी नववीतला एक आणि सातवीतला एक अशी जोडी नेमण्याचे शाळेला सुचवावे, म्हणजे मोठा दहावी होऊन गेला तरी धाकट्याला सगळे ठाऊक असेल.

आणि १७ सप्टेंबरचे संचलन पाहायला तर आपण सगळेच येऊ. १८ तारखेला सकाळी मुलांबरोबर बसून ड्रम पुसायला आणि ताण उतरवायला कोण कोण येणार, तेवढे मेळाव्यातच ठरवू. पहिले नाव माझे लिहून घ्या.