थुंब्याचे शास्त्रज्ञ : डॉ. विक्रम साराभाई

केरळात तिरुवनंतपुरमनजीक थुंबा नावाचे कोळ्यांचे एक गाव आहे. माडांची झाडे, वाळूचा किनारा आणि सेंट मेरी मॅग्डालेनचे चर्च, एवढेच त्याचे वैभव. साठ वर्षांहून अधिक काळापूर्वी डॉ. विक्रम साराभाई यांची दृष्टी या गावावर खिळली.

साराभाईंचा जन्म १२ ऑगस्ट १९१९ रोजी अहमदाबादच्या एका धनाढ्य गिरणीमालकाच्या घरी झाला. केंब्रिजचे शिक्षण, महायुद्धाच्या काळात बंगलोरला सर चंद्रशेखर वेंकट रामन यांच्या हाताखाली विश्वकिरणांचे संशोधन आणि १९४७ मध्ये अहमदाबादेत भौतिक संशोधन प्रयोगशाळेची स्थापना, असा त्यांचा पूर्ववृत्तांत आहे. घरच्या उद्योगांचा भारही ते वाहत; आपल्या बडोद्याच्या साराभाई केमिकल्सशी त्यांचा निकटचा संबंध होता.

परंतु थुंबाच का? त्या काळी पृथ्वीचे चुंबकीय विषुववृत्त थुंब्याच्या अगदी जवळून जात होते. या रेषेवर सुमारे शंभर किलोमीटर उंचीवर दिवसा विजेचा प्रबळ प्रवाह वाहत असतो. तेथवर फुगे पोचत नाहीत आणि उपग्रह इतक्या खाली टिकत नाहीत. तेथे अग्निबाणच धाडावा लागतो. असे स्थान जगभरच्या शास्त्रज्ञांना हवे होते. आपल्यापाशी स्थान होते, अग्निबाण नव्हता. तेव्हा भूमी आपली, साधने इतरांची आणि मिळेल ते ज्ञान सर्वांचे, असा व्यवहार साराभाईंनी जुळवून आणला.

मात्र ती भूमी कोळ्यांची होती आणि चर्च तर त्यांच्या श्रद्धेचे स्थान. साराभाई बिशप पीटर बर्नार्ड परेरा यांना भेटले. बिशपांनी रविवारच्या प्रार्थनेच्या वेळी ती मागणी लोकांपुढे ठेवली, आणि लोकांनी संमती दिली! अग्निबाण कधी दृष्टीसही न पडलेल्या माणसांनी पूर्वजांचे प्रार्थनास्थान सोडून अन्यत्र जावे, हे औदार्य मला साराभाईंच्या कर्तृत्वाहून तिळमात्र उणे वाटत नाही. त्या चर्चमध्येच मग कार्यालय थाटले गेले. अग्निबाणाचे भाग सायकलवरूनही नेले जात.

२१ नोव्हेंबर १९६३ च्या सायंकाळी पहिला अग्निबाण सुटला. ‘नाइकी-अपाची’ हा अग्निबाण अमेरिकेचा, त्यातील सोडियम-बाष्पाचे उपकरण फ्रान्सचे. पुढे सोव्हिएट रशियाने गणकयंत्र दिले. जगात एकमेकांविरुद्ध दंड थोपटणारी राष्ट्रे थुंब्याच्या वाळूत सहकारी झाली. २ फेब्रुवारी १९६८ रोजी पंतप्रधान इंदिरा गांधी यांनी हे केंद्र संयुक्त राष्ट्रसंघाला अर्पण केले. मात्र साराभाई नुसते घेत बसले नाहीत. १९६७ च्या नोव्हेंबरातच ‘रोहिणी’ हा स्वदेशी अग्निबाण थुंब्याहून उडाला होता.

पोटाला अन्न नाही त्या देशाला हे आकाशातले खेळ कशाला, असे अनेक जण विचारीत. प्रश्न रास्त होता, आणि साराभाईंनी तो झिडकारला नाही. चंद्रावर जाण्याच्या शर्यतीत त्यांना उतरायचे नव्हते. शेतकऱ्याला हवामान कळावे, खेड्यातील मुलांना घरबसल्या शिक्षण मिळावे, यासाठी त्यांना उपग्रह हवा होता. १९६९ मध्ये त्यांनी अमेरिकेच्या ‘नासा’शी करार केला. उपग्रह अमेरिकेचा, पण त्यावरून दाखवायचे कार्यक्रम भारताने ठरवायचे.

३० डिसेंबर १९७१ रोजी थुंब्यापासून जवळच कोवळम येथे वयाच्या अवघ्या ५२ व्या वर्षी झोपेतच त्यांचे देहावसान झाले. १ ऑगस्ट १९७५ पासून वर्षभर सहा राज्यांतील सुमारे २४०० खेड्यांत तो उपग्रह दूरदर्शनचे कार्यक्रम पोचवीत होता. शेती, आरोग्य, कुटुंबनियोजन असे त्यांचे विषय. पुष्कळ खेडुतांनी दूरदर्शनचा पडदा तेव्हा प्रथमच पाहिला. वर्ष सरताच उपग्रह ठरल्याप्रमाणे परत गेला. भारताच्या स्वतःच्या ‘इन्सॅट’ मालिकेला तेथून आणखी काही वर्षे लागली.