ह्यूमसाहेबांची पाखरे

इतिहासाच्या पुस्तकांतील काही माणसे एका ओळीची असतात. ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूम हे त्यांतलेच एक. राष्ट्रीय सभेच्या स्थापनेत पुढाकार घेणारे निवृत्त इंग्रज अधिकारी, एवढी ओळ मी शाळेत पाठ केली, परीक्षेत लिहिली आणि विसरून गेलो. त्या ओळीमागे एक सबंध माणूस उभा आहे हे मला कळले ते इतिहासाच्या तासाला नव्हे, तर नांदूरमधमेश्वरच्या पाण्याकाठी.

गेल्या हिवाळ्यात आम्ही चौघे मित्र सरांबरोबर तेथे पक्षी पाहायला गेलो होतो. गोदावरी आणि कादवा यांच्या संगमावरचे हे पाणी रामसर यादीत गेलेले आहे. महाराष्ट्रात हा मान प्रथम त्यालाच मिळाला. माझे गाव निफाड तालुक्यातलेच. पण खरे सांगायचे तर पाखरू म्हणजे पिकाचा चोर, एवढीच ओळख मला लहानपणापासून होती. बाजरी दाण्यावर आली की मी माळ्यावर बसून गोफण फिरवीत असे. त्या दिवशी दुर्बिणीतून चक्रवाकांची जोडी पाहताना सर सहज म्हणाले की, इंग्रजी अमदानीत हिंदुस्थानातल्या पक्ष्यांचा सर्वांत मोठा संग्रह केला तो राष्ट्रीय सभेच्या ह्यूमने. मला ते खरेच वाटेना. परत आल्यावर मी महाविद्यालयाच्या ग्रंथालयात शोध घेतला, मग सार्वजनिक वाचनालयात गेलो. जे हाती आले ते आपल्यापुढे ठेवीत आहे.

ह्यूम यांचा जन्म ४ जून १८२९ रोजी इंग्लंडमध्ये झाला. वडील जोसेफ ह्यूम पार्लमेंटचे सभासद आणि सुधारणावादी. मुलगा विशीत कंपनी सरकारच्या नोकरीत हिंदुस्थानात आला आणि १८५६ साली इटावा जिल्ह्याचा कलेक्टर झाला. तेथे त्यांनी जे पहिले काम हाती घेतले ते वाचून मी थबकलो. त्यांनी खेड्यापाड्यांतून मोफत प्राथमिक शाळा उघडल्या. १८५७ पर्यंत १८१ शाळा आणि त्यांत ५,१८६ विद्यार्थी. त्यांपैकी मुली फक्त दोन! आमच्या घराण्यात महाविद्यालयाची पायरी चढलेला मी पहिला. त्यामुळे शाळांचा हा आकडा मला इतर कोणत्याही आकड्यापेक्षा मोठा वाटला.

पण चरित्र लिहायचे तर दुसरी बाजू झाकून चालणार नाही. १८५७ चा उठाव झाला तेव्हा हेच ह्यूम इंग्रजांच्या बाजूने बंडवाल्यांशी लढले, आणि त्याबद्दल सरकारने त्यांचा सन्मानही केला. पुढे १८६७ पासून तीन वर्षे ते जकात खात्याचे कमिशनर होते. मिठावरचा कर चुकू नये म्हणून देशाच्या आरपार जे शेकडो मैल काटेरी कुंपण वाढवले होते, त्याची देखभाल त्यांच्याकडे होती. शाळा उघडणारा हात आणि मिठाला कुंपण घालणारा हात एकच होता.

या सगळ्या नोकरीत त्यांना एक वेड जडले होते, ते पाखरांचे. जिल्ह्याची फिरती असो की जकातीच्या कुंपणाची पाहणी, बरोबर बंदूक आणि टिपणवही असायचीच. सिमल्याला जाखू टेकडीवर त्यांचा रॉथनी कॅसल नावाचा बंगला होता. त्यात त्यांनी पक्ष्यांचे संग्रहालय उभे केले. १८७२ साली केवळ हिंदुस्थानातील पक्ष्यांसाठी एक नियतकालिक काढले. त्याचे नाव ‘स्ट्रे फेदर्स’, म्हणजे विखुरलेली पिसे. ठिकठिकाणचे डॉक्टर, लष्करी अधिकारी, इंजिनिअर त्यांना पक्षी आणि माहिती पाठवीत, आणि ह्यूम त्या पिसांची एकत्र मोळी बांधीत.

या वेडापायीच १८७३ च्या मार्च महिन्यात ते बोटीने बंगालच्या उपसागरातील बेटांवर गेले. बरोबर स्नेही होते. भूगर्भशास्त्रज्ञ फर्डिनांड स्टोलिच्का आणि कलकत्त्याच्या म्युझियमचे जेम्स वुड-मेसन त्यांत होते. कोणी दगड पाहणारा, कोणी किडे आणि खेकडे पाहणारा, तर ह्यूमसाहेबांचे डोळे झाडांच्या शेंड्याकडे. आपण सहलीला गेलो की एक जण फोटो काढतो, एक जण डबा उघडतो आणि एक जण वाट चुकतो. त्याचाच हा विद्वानांचा अवतार म्हणायला हरकत नाही!

अंदमान म्हटले की आपणा नाशिककरांच्या डोळ्यांपुढे सेल्युलर जेल येते, कारण भगूरच्या सावरकरांना १९११ साली तेथेच नेले. ह्यूम गेले तेव्हा ते जेल बांधलेले नव्हते. पण बेट कैद्यांचेच होते. १८५८ पासून १८५७ च्या उठावातील बंदी तेथे पाठवले जात होते. एवढेच नव्हे, तर ज्यांनी ह्यूम यांना शेती आणि महसूल खात्याचे सचिव केले ते व्हाइसरॉय लॉर्ड मेयो याच पोर्ट ब्लेअरला ८ फेब्रुवारी १८७२ रोजी एका कैद्याच्या सुऱ्याने मारले गेले होते. त्या घटनेला जेमतेम वर्ष झाले होते. ज्या बंडवाल्यांशी आपण लढलो, त्यांच्या साथीदारांच्या बेटावर हा माणूस पाखरे मोजायला उतरला. किनाऱ्यावर साखळदंडांचा आवाज आणि वर रानात पाखरांचा. त्याला दोन्ही ऐकू येत होते का, हा प्रश्न मला राहून राहून पडतो.

अंदमानच्या पूर्वेला दोन एकाकी बेटे आहेत. एक बॅरन. तो जागृत ज्वालामुखी. दुसरे नारकोंडम. तोही ज्वालामुखीच, पण निवालेला आणि पायथ्यापासून माथ्यापर्यंत दाट रानाने झाकलेला. क्षेत्रफळ सुमारे सात चौरस किलोमीटर. आपल्याकडच्या एखाद्या गावाचे शिवार तेवढे भरेल. या चिमुकल्या बेटावर एक धनेश पक्षी राहतो. नराचे डोके आणि मान तांबूस, मादी काळी, शेपूट दोघांचेही पांढरे. हा पक्षी नारकोंडमशिवाय जगात कोठेही नाही. त्याचे पहिले शास्त्रीय वर्णन ह्यूम यांनी त्याच वर्षी, १८७३ साली, प्रसिद्ध केले. आजही त्या पक्ष्याच्या शास्त्रीय नावापुढे ह्यूम हे नाव आणि ते साल लिहितात. अंदमानच्या एका बदकाचे वर्णनही त्याच सालचे आणि त्यांचेच.

येथे एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. त्या काळी पक्षी अभ्यासणे म्हणजे तो मारणे. पाखरू बंदुकीने टिपायचे, कातडे अलगद सोलायचे, आत कापूस भरायचा आणि पायाला चिठ्ठी बांधायची. चिठ्ठीवर ठिकाण, तारीख, नर की मादी. माझ्या गोफणीने पडलेल्या पाखरांच्या पायाला कोणी चिठ्ठी बांधली नाही, एवढाच काय तो फरक. पण हा फरक लहान नाही. मी पाखरू पाडले ते हाकलण्यासाठी, त्यांनी पाडले ते जाणण्यासाठी. पाखराच्या बाजूने पाहिले तर मात्र दोन्ही सारखेच.

या सफरीनंतर सव्वा वर्षाने, जून १८७४ मध्ये, मित्र स्टोलिच्का यारकंदच्या मोहिमेवरून परतताना काराकोरमच्या डोंगरात वारले. ह्यूम थांबले नाहीत. १८७५ साली सरकारी सर्वेक्षणाच्या बोटीतून ते लक्षद्वीप बेटांवर आणि आपल्या पश्चिम किनाऱ्यावर फिरले. कागदावरचे कारण होते दीपगृहांसाठी जागा पाहणे. त्याबरोबर समुद्राची खोली मोजली गेली आणि अर्थात पक्षीही गोळा झाले.

सिमल्याला संग्रह वाढत होता, पण कचेरीत वारे फिरले होते. सरकारच्या महसुली धोरणावर ह्यूम उघड टीका करीत. शेतकरी कर्जात बुडतो आहे हे ते वरच्यांना सांगत. परिणाम व्हायचा तोच झाला. १८७९ साली त्यांना सचिवपदावरून काढून खालच्या जागी पाठवण्यात आले. १८८२ साली ते निवृत्त झाले. याच काळात त्यांचा ओढा थिऑसफीकडे वळला. मांसाहार सोडला आणि बंदूकही खाली ठेवली. ज्याने हजारो पाखरे टिपली त्याने टिपणे सोडले, पण लिहिणे बाकी होते. हिंदुस्थानातील सर्व पक्ष्यांचा एक मोठा ग्रंथ लिहायचा त्यांचा संकल्प होता.

आणि मग ती गोष्ट घडली. ह्यूम सिमल्याबाहेर असताना एका नोकराने संग्रहालय फोडले, कित्येक मण हस्तलिखिते नेली आणि बाजारात रद्दी म्हणून विकली. त्यांत सुमारे ७०० जातींच्या पक्ष्यांची जीवनवृत्ते होती. चोरी लक्षात यायला बरेच महिने गेले, तोवर कागद कधीच संपले होते. मोठे, पूर्ण ताव तेवढे गेले. लहान लहान चिठ्ठ्या नोकराने जागेवर सोडल्या. पुड्या बांधायला चिठ्ठीचा काय उपयोग!

हे वाचले तेव्हा मी पुस्तक मिटून ठेवले. कारण तसेच माझ्या घरी घडले होते. प्रथम वर्षाची परीक्षा झाल्यावर मी वर्षभराची टिपणे गाठोडे बांधून गावी नेली होती. मी मित्राच्या लग्नाला गेलो आणि आईने ती भंगारवाल्याला घातली. वजनावर एक प्लॅस्टिकची बादली आली. मी परत आल्यावर तिने ती बादली मोठ्या कौतुकाने दाखवली. माझी गुणपत्रिका मात्र तिने कपाटात लुगड्याच्या घडीत ठेवली होती, कारण तीवर शिक्का होता. आई शाळेत गेलेली नाही. शिक्का असलेला कागद महत्त्वाचा आणि नुसता लिहिलेला कागद जुना, एवढाच भेद तिला ठाऊक. त्या दिवशी मी तिला बोलू नये ते बोललो. ती काही म्हणाली नाही, फक्त बादली उचलून आत घेऊन गेली.

आईने केली ती चोरी नव्हे आणि नोकराने केली ती चोरीच, हे मला कळते. तरीही त्या नोकरावर मला पुरते रागावता येत नाही. त्याला ते ताव वाचता येत असते, तर तराजूत घालताना त्याचा हात क्षणभर तरी अडखळला असता. इटाव्यात १८१ शाळा काढणाऱ्या माणसाच्या आयुष्याचे काम किराण्याच्या दुकानात गेले. एका जिल्ह्यातल्या शाळा सिमल्याच्या बाजाराला कशा पुरणार?

ह्यूम यांचे मन पाखरांवरून उडाले. मुसळधार पावसात टेकडीचा भाग खचून संग्रहालयाचेही नुकसान झाले होते. १८८५ साली त्यांनी सारा संग्रह ब्रिटिश म्युझियमला देऊन टाकला. सुमारे ८२,००० नमुने! म्युझियमचे बोडलर शार्प मुद्दाम सिमल्याला आले. देवदाराच्या लाकडाच्या ४७ पेट्या जागेवरच तयार केल्या, त्या बैलगाडीने काल्क्याला उतरवल्या आणि मुंबई बंदरातून विलायतेला रवाना केल्या.

त्याच वर्षी, त्याच मुंबईत, २८ डिसेंबरला गोकुळदास तेजपाल संस्कृत पाठशाळेत राष्ट्रीय सभेचे पहिले अधिवेशन भरले. खरे तर ते पुण्याला भरायचे होते, पण तेथे कॉलऱ्याची साथ आली. हजर प्रतिनिधी ७२. त्याआधी १८८३ साली ह्यूम यांनी कलकत्ता विद्यापीठाच्या पदवीधरांना एक जाहीर पत्र लिहून देशासाठी स्वार्थ सोडणारी पन्नास माणसे मागितली होती. आपणासारख्या विद्यार्थ्यांनी हे ध्यानात ठेवण्याजोगे आहे. त्यांनी मागणी केली ती राजेरजवाड्यांकडे नव्हे, शिकलेल्या तरुणांकडे. ठिकठिकाणच्या माणसांशी पत्रव्यवहार ठेवायचा, विखुरलेले एकत्र आणायचे, ही सवय त्यांना पाखरांनीच लावली असावी असे माझे मत आहे.

पुढे बरीच वर्षे ते सभेचे चिटणीस होते. १८९४ साली ते विलायतेला परतले. तेथे त्यांनी वनस्पतींचा नवा अभ्यास मांडला आणि १९१० साली दक्षिण लंडनमध्ये त्यासाठी एक संस्था काढली. ती आजही चालू आहे. ३१ जुलै १९१२ रोजी त्यांचे निधन झाले.

आणि त्या मागे राहिलेल्या चिठ्ठ्या? त्या ह्यूम यांनी यूजीन ओट्स या अभ्यासकाच्या स्वाधीन केल्या. त्यांतून पक्ष्यांच्या घरट्यांवरील आणि अंड्यांवरील ग्रंथाची नवी आवृत्ती १८८९–९० मध्ये तीन खंडांत निघाली. मोठे ताव गेले, चिठ्ठ्यांचे पुस्तक झाले.

दिवाळीच्या सुट्टीत मी ही सारी हकीकत आईला सांगितली. ती कांदे निवडीत ऐकत होती. राष्ट्रीय सभा, म्युझियम, व्हाइसरॉय यांतले तिने काही विचारले नाही. त्या नोकराचे पुढे काय झाले, एवढेच तिने विचारले. ह्यूम यांनी त्या चोरीची हकीकत लिहिली, पण नोकराचे नाव लिहिले नाही. ह्यूमसाहेबांना इतिहासात निदान एक ओळ तरी मिळाली. मी गप्प बसलो आणि तिच्याबरोबर कांदे निवडू लागलो.

— द्वितीय वर्ष, कला