टाळूच्या ऑपरेशनमध्ये डेंटिस्ट कशाला? उत्तर पहिल्या महायुद्धात सापडतं

बाळाचा दुभंगलेला ओठ शिवला, टाळू शिवली, की घरच्यांना वाटतं, सुटलो एकदाचे. पण बऱ्याच मुलांच्या वरच्या हिरडीच्या हाडात फट तशीच राहिलेली असते. ती भरायला पुढे आणखी एक ऑपरेशन लागतं. मुलाच्याच कमरेच्या हाडातला आतला मऊ भाग काढून त्या फटीत भरतात. यालाच म्हणतात बोन ग्राफ्टिंग. यात सर्जनसोबत डेंटिस्टही लागतो.

ही जोडी जमवणाऱ्यांमध्ये एक मोठं नाव आहे, सर हॅरॉल्ड गिलीज.

गिलीज यांचा जन्म १८८२ चा, न्यूझीलंडमधल्या ड्युनेडिनचा. शिक्षण केंब्रिजला, मग लंडनमध्ये कान-नाक-घशाचे सर्जन. १९१५ मध्ये ते युद्धाच्या धामधुमीत फ्रान्सला गेले. तिथे त्यांना चार्ल्स व्हॅलाडिए नावाचे डेंटिस्ट भेटले. गोळ्यांनी उडालेल्या जबड्यात हाड बसवण्याचे त्यांचे प्रयोग चालू होते. ते बघून गिलीज यांना आपलं काम सापडलं.

१९१७ मध्ये इंग्लंडमधल्या सिडकपला खास चेहऱ्याच्या जखमांसाठी क्वीन्स हॉस्पिटल सुरू झालं. तिथे ५ हजारांहून जास्त सैनिकांवर ११ हजारांहून जास्त ऑपरेशन्स झाली. गिलीज यांच्यासोबत विल्यम केल्सी फ्राय हे डेंटिस्ट होते. आधी जबडा आणि दात जागेवर आणायचे, त्वचेचं काम त्यानंतर, असा क्रम ठरत गेला.

पण १९१८ मध्ये एक घाव बसला. भाजलेल्या एका तरुण वैमानिकाचा जवळपास पूर्ण चेहरा गिलीज यांनी एकाच वेळी बदलायला घेतला. त्वचा सडली आणि तो तरुण दगावला. तेव्हापासून घाई करायची नाही, हा त्यांचा नियम झाला.

युद्ध संपल्यावर गिलीज आणि फ्राय दुभंगलेल्या टाळूकडे वळले. १९२१ मध्ये त्यांनी नवी पद्धत मांडली. मऊ टाळू मागे सरकवायची, म्हणजे बोलणं सुधारेल, आणि पुढे उरलेली फट दातांच्या प्लेटने झाकायची. ही पद्धत फार काळ टिकली नाही. पण सर्जन आणि डेंटिस्ट यांनी मिळून ठरवायचं, ही रीत टिकली.

१९३० मध्ये त्यांना सर हा किताब मिळाला. १९६० मध्ये त्यांचं निधन झालं.

त्या सुमारास काही सर्जन अगदी तान्ह्या बाळांच्या हिरडीत हाड भरत होते. पुढे लक्षात आलं की त्यामुळे वरच्या जबड्याची वाढ खुंटते. मग १९७२ मध्ये अमेरिकेतल्या बॉइन आणि सँड्स यांनी थांबण्याचा मार्ग दाखवला. आता हे ऑपरेशन साधारण ८ ते ११ वर्षांच्या वयात, सुळा यायच्या आधी करतात. भरलेलं हाड रुजतं आणि सुळा त्यातूनच खाली उतरतो. नेमकी वेळ कोणती, हे एक्स-रे बघून डेंटिस्ट आणि सर्जन मिळून ठरवतात.

म्हणून ओठ आणि टाळू शिवून झाली तरी फाइल बंद करू नका. ओळखीत असं मूल असेल, तर सातव्या वर्षाच्या आसपास एकदा डॉक्टरांना विचारा, हिरडीतलं हाड भरायचं राहिलंय का?