बाटली एक नासली, बदनाम झाली लस : हाफकिनसाहेबांची कहाणी

मुंबईत परळला हाफकिन संस्था आहे. पोलिओच्या डोसांमुळे, साप चावल्यावरच्या इंजेक्शनमुळे हे नाव खेडोपाडी पोचलंय. पण हाफकिन हे एका माणसाचं आडनाव आहे, हे पुष्कळांना ठाऊक नसतं. पूर्ण नाव वाल्देमार हाफकिन.

जन्म 1860 चा, काळ्या समुद्राकाठच्या ओडेसा शहरातला. तेव्हा तिथे रशियाच्या झारचं राज्य होतं, आज ते शहर युक्रेनमध्ये आहे. घर ज्यू. शिकले प्राणिशास्त्र. हुशारी होती, पण प्राध्यापकी हवी तर धर्म बदला, अशी अट आली. ती त्यांनी मानली नाही. देश सोडला आणि पॅरिसच्या पाश्चर संस्थेत लागले, तेही आधी ग्रंथालयातल्या मदतनिसाच्या जागेवर. तिथे त्यांनी कॉलऱ्याची लस तयार केली आणि 1892 च्या जुलैत पहिली सुई स्वतःलाच टोचली.

पुढच्या वर्षी ते कलकत्त्याला आले. 1894 मध्ये तिथल्या एका वस्तीत तळ्याच्या पाण्यातून कॉलरा पसरला. वस्तीत दोनेकशे माणसं, त्यातल्या 116 जणांनी टोचून घेतलं. त्यानंतर दहा जणांना लागण झाली, सात दगावले. हे दहाही जण न टोचलेले होते.

मग 1896 आलं. मुंबईत मांडवी भागात गाठीचा ताप सुरू झाला आणि डॉ. अकासिओ व्हिएगस या गोव्याकडच्या डॉक्टरांनी हा प्लेग आहे हे ओळखलं. लोक रेल्वेने गावाकडे पळाले, रोगही मागोमाग आला. प्लेगच्या रोग्यांची सेवा करताना लागण होऊन मार्च 1897 मध्ये पुण्यात सावित्रीबाई फुले गेल्या. सरकारने घरात शिपाई घुसवले, माणसं उचलून नेली. त्याच चिडीतून जूनमध्ये रँडवर गोळी झाडली गेली. अशा दिवसांत एखादा गोरा साहेब सुई घेऊन आला तर लोक बिचकणारच. लोकांचंच चुकलं असं म्हणून मोकळं होता येत नाही.

हाफकिनसाहेबांची रीत मात्र जबरदस्तीची नव्हती. भायखळ्याच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात एक खोली आणि व्हरांडा, हाताखाली एक कारकून नि तीन शिपाई, एवढ्यावर त्यांनी तीनेक महिन्यांत प्लेगची लस केली. 10 जानेवारी 1897 ला ती आधी स्वतःला टोचली, तीही मोठ्या मात्रेत. सडकून ताप आला, उतरला. मग भायखळ्याच्या तुरुंगात जे कैदी आपणहून पुढे आले त्यांना टोचलं. आगाखानांनी चारचौघांत टोचून घेतलं, तेव्हा त्यांच्या समाजातले हजारो लोक पुढे आले. बडोदा संस्थानातल्या उंधेरा गावात घरटी निम्म्यांना टोचलं, निम्म्यांना नाही. प्लेगने गेलेले बहुतेक न टोचलेले निघाले. 1899 मध्ये परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाऊसमध्ये प्रयोगशाळा उभी राहिली आणि तिथून लाखोंनी डोस जाऊ लागले.

घात झाला तो पंजाबात. 30 ऑक्टोबर 1902 ला मलकोवाल गावात 107 जणांना टोचलं. त्यातले 19 जण धनुर्वाताने मेले. एकोणीसही जणांना एकाच बाटलीतली लस दिलेली होती. बाकीच्या बाटल्यांतली ज्यांना मिळाली त्या 88 जणांना काही झालं नाही. तरी चौकशी समितीने खापर फोडलं परळच्या प्रयोगशाळेवर. हाफकिन डॉक्टर नव्हते, इंग्रज नव्हते, बाजूने बोलणारं कोणी नव्हतं. त्यांना कामावरून दूर केलं गेलं आणि 1904 ला त्यांनी हा देश सोडला.

खरी गोष्ट निघाली ती अशी. त्या दिवशी गावात मदतनिसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता. तो नीट निर्जंतुक न करताच त्याने त्या बाटलीचं बूच काढलं. धनुर्वाताचे जंतू मातीत, शेणात असतात, हे शेतकऱ्याला सांगायला नको. म्हणजे लस परळहून चांगली निघाली होती, ती नासली गावात, बाटली उघडताना.

आज गोवर-रुबेलाच्या लशीची बाटली एकदा पाण्यात कालवली की चार तासांच्या आत वापरायची, उरली तर टाकून द्यायची, असा नियम आहे. त्या लशीत जंतू रोखणारं औषध नसतं. उघड्या बाटलीत घाण गेली तर पोराच्या जिवावर बेतू शकतं. म्हणून नर्सताई बाटलीवर वेळ लिहितात आणि प्रत्येक बाळाला नवी सुई घेतात. डोस वाया घालवतात अशी कुरकुर कुठेकुठे ऐकू येते, पण त्या वाया जाण्यालाच तर अर्थ आहे. आणि भीतीपोटी लस टाळली तर काय होतं तेही दूरचं नाही. 2022 मध्ये गोवंडी, भिवंडी, मालेगावात गोवर पसरला, तेव्हा आजारी पडलेल्या अनेक मुलांना लस मिळालेलीच नव्हती.

हाफकिनसाहेबांचं नाव निर्दोष व्हायला पाच वर्षं लागली. मलेरियाचा डास शोधणारे रोनाल्ड रॉस आणि इतर शास्त्रज्ञांनी 1907 मध्ये लंडनच्या टाइम्समध्ये पत्र छापून आणलं, तेव्हा सरकार हललं. ते परत आले खरे, पण परळला नाही, कलकत्त्याला. पुन्हा पहिल्यासारखं काम काही मिळालं नाही आणि काही वर्षांनी ते निवृत्त होऊन युरोपला गेले. 1925 मध्ये परळच्या प्रयोगशाळेला त्यांचं नाव दिलं गेलं. 26 ऑक्टोबर 1930 ला स्वित्झर्लंडच्या लोझान शहरात ते वारले. तेव्हा वय सत्तर होतं.