कावसजींच्या वेदना आणि आपले कर्तव्य

शल्यचिकित्सेच्या इतिहासात ज्यांचे नाव कायमचे कोरले गेले, ते कावसजी मराठी शेतकरी होते. इंग्रज फौजेत ते बैल हाकण्याचे काम करीत. १७९२ च्या युद्धात टिपू सुलतानाच्या कैदेत त्यांचे नाक व एक हात कापण्यात आला. सुमारे वर्षभराने पुण्याजवळ, विटा पाडणाऱ्या समाजातील एका कारागिराने कपाळाची त्वचा वळवून त्यांना नवे नाक दिले. ईथरची भूल १८४६ मध्ये आली. तोवर शस्त्राच्या वेदना जागेपणीच सोसाव्या लागत.

आम्हांला विशेष वाटते ती नंतरची शुश्रूषा. जखमेवर काताच्या लेपाच्या पट्ट्या, चौथ्या दिवसापासून तुपात भिजवलेले कापड, पाच-सहा दिवस उताणे निजून विश्रांती. १७९४ मध्ये लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’ने हा वृत्तांत छापला, १८१४ मध्ये तेथे जोसेफ कार्प्यू यांनी अशीच शस्त्रक्रिया केली.

आज मांजरीतील अपघातग्रस्ताने मुकाट्याने वेदना सोसण्याचे कारण नाही. वेदनाशामक औषध वेळेवर मिळाल्यास रुग्ण खोल श्वास घेतो, लवकर चालू लागतो; दुखणे दडविल्यास छातीत कफ साठण्याचा धोका वाढतो. म्हणून कुटुंबीयांना आमची विनंती : रुग्ण गप्प असला, तरी त्याला विचारावे आणि डॉक्टरांना सांगावे.