सव्वा तास आधीचा सूर्य : विनायक दामोदर सावरकर

मनमाडहून मुंबईच्या गाडीत बसलं की लासलगाव, निफाड, नाशिकरोड मागे टाकून देवळाली येते. तिथून जवळच भगूर गाव आहे. या भगूरला २८ मे १८८३ रोजी विनायकराव सावरकरांचा जन्म झाला. घरचे त्यांना तात्या म्हणत. तात्या नऊ वर्षांचे असताना आई राधाबाई पटकीने गेल्या. १८९९ मध्ये वडील दामोदरपंत प्लेगने गेले. मग थोरले भाऊ बाबाराव आणि त्यांची पत्नी येसूवहिनी यांनीच घर सांभाळले. वहिनी स्वतः काही मोठ्या नव्हत्या, तरी धाकट्या दिरांना त्यांनी आईची माया दिली.

पुण्याला फर्ग्युसन कॉलेजात शिकून तात्या १९०६ मध्ये बॅरिस्टर होण्यासाठी लंडनला गेले. १९१० मध्ये तिथे त्यांना अटक झाली. बोटीने परत आणताना मार्सेलिसला त्यांनी समुद्रात उडी घेतली, ही गोष्ट सगळ्यांना ठाऊक आहे. दोन जन्मठेपा म्हणजे पन्नास वर्षांची शिक्षा झाली. सुटकेचे साल होते १९६०! ४ जुलै १९११ रोजी ते अंदमानात पोर्ट ब्लेअरला उतरले. या गावाचे नाव २०२४ मध्ये श्री विजयपुरम झाले.

आता मित्रांनो, नकाशा काढा. मनमाड सुमारे साडेचौऱ्याहत्तर रेखांशावर, तर पोर्ट ब्लेअर पावणेत्र्याण्णववर आहे. फरक सव्वाअठरा अंशांचा. पृथ्वीला एक अंश फिरायला चार मिनिटे लागतात. सव्वाअठरा गुणिले चार, म्हणजे ७३ मिनिटे. आपल्याकडे सूर्य डोक्यावर येतो त्याच्या सव्वा तास आधी तो तिथे डोक्यावर येऊन गेलेला असतो! डिसेंबरच्या शेवटी तर तिथे साडेपाचच्या सुमाराला उजाडते आणि आपल्याकडे सूर्य सातला दिसतो. संध्याकाळी सव्वापाचला आपण मैदानावर खेळत असतो, तेव्हा तिथला सूर्य बुडालेला असतो. घड्याळ मात्र दोन्हीकडे एकच. देशाची एक वेळ सरकारने १ जानेवारी १९०६ पासून ठरवली. मुंबई शहराने तरीही आपली ३९ मिनिटे मागची वेळ कित्येक वर्षे सोडली नव्हती.

तर असा लवकर उगवणारा सूर्य तात्यांना नीट दिसायचाही नाही. कोठडी साडेतेरा फूट लांब, साडेसात फूट रुंद, आणि हवेला एक झरोका, तोही उंचावर. त्यांना कोलूला जुंपले. बैलासारखे फिरून रोज तीस पौंड तेल काढायचे. बाबाराव आधीच त्याच तुरुंगात होते, पण भावाभावांना भेटू देत नसत. कागद मिळत नव्हता म्हणून तात्या भिंतीवर खिळ्याने कविता कोरत आणि पाठ करून ठेवत. घरी पत्र वर्षातून एकच. सुटकेसाठी त्यांनी सरकारकडे अर्जही केले.

इकडे नाशिककडे सूर्य सव्वा तासाने यायचा, पण अंदमानची खबर यायला वर्ष लागायचे. पत्नी यमुनाबाई, म्हणजे माई, वाट बघत होत्या. येसूवहिनीही बाबारावांची वाट बघत होत्या. शेवटी १९१९ मध्ये भेटीची परवानगी मिळाली. धाकटे भाऊ नारायणराव माईंना घेऊन अंदमानला गेले. आठ वर्षांनी नवराबायकोने एकमेकांना पाहिले. येसूवहिनी त्यांच्याबरोबर नव्हत्या. त्या भेटीच्या आधीच त्या वारल्या होत्या. बाबारावांना हे तुरुंगातच कळले.

१९२१ च्या मे महिन्यात दोघे भाऊ बोटीने परत आले. तात्या आणखी काही वर्षे रत्नागिरी आणि येरवड्याच्या तुरुंगात होते. १९२४ मध्ये सुटले, पण रत्नागिरी जिल्हा सोडायची बंदी होती. ती १९३७ मध्ये उठली. रत्नागिरीत त्यांनी अस्पृश्यता घालवण्याचे काम केले. १९३१ मध्ये सर्व जातींसाठी पतितपावन मंदिर उघडले. १९४८ मध्ये गांधीजींच्या खुनाच्या खटल्यात तेही आरोपी होते, १९४९ मध्ये कोर्टाने त्यांना निर्दोष सोडले. २६ फेब्रुवारी १९६६ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले. माई त्यांच्या आधी, १९६३ मध्येच गेल्या होत्या.