अर्जदार आनंदीबाई

डॉ. आनंदीबाई जोशी हे नाव करवीरच्या जुन्या घराण्यांस नवे नाही. त्यांची चरित्रे झाली, त्यांच्यावर कादंबरी झाली, नाटक झाले. मला मात्र त्यांचे चरित्र म्हणजे दोन अर्जांची हकीकत वाटते. एक अर्ज नवऱ्याने लिहिला, दुसरा त्यांनी स्वतः. पहिला ज्या गावातून निघाला ते गाव कोल्हापूरच, म्हणून ही हकीकत ह्या पानावर सांगावीशी वाटली.

हे सुचण्याचे कारण माझ्या मुलखात आहे. मी पांढुर्ण्याचा. एकेकाळी नागपूरकर भोसल्यांचा असलेला हा मुलूख १९५६ च्या प्रांतरचनेत मध्यप्रदेशातच राहिला, आणि २०२३ साली पांढुर्णा व सौसर मिळून वेगळा जिल्हा झाला. घरात बोलणे मराठी, कचेरीतला अर्ज हिंदी, आणि नागपुरास मोठ्या शिक्षणाला जायचे तर इंग्रजी, अशी आमच्या मुलांची तिहेरी परवड आहे. शाळामास्तरकीतून मोकळा झालो तरी ही मुले नोकरीचे नाहीतर प्रवेशाचे कागद घेऊन माझ्या ओसरीवर येतात. आता अर्ज संगणकावर भरतात, पण सोबत चार ओळी लिहायची वेळ आली की सविनय निवेदनाच्या पुढे गाडी सरकत नाही. कमी पडलेले गुण कोठे दडवावेत, ही पहिली शंका. तेव्हा मी त्यांना आनंदीबाईंची गोष्ट सांगतो.

आनंदीबाईंचा जन्म ३१ मार्च १८६५ चा, कल्याणच्या जोशी घराण्यात. माहेरचे नाव यमुना. नवव्या वर्षी लग्न झाले. नवरा गोपाळराव जोशी बिजवर, पोस्टात कारकून, वयाने पुष्कळ मोठा. बायकोने शिकलेच पाहिजे हा त्यांचा ध्यास, आणि त्यापायी तिचा छळही त्यांनी थोडा केला नाही. चौदाव्या वर्षी आनंदीबाईंना मुलगा झाला आणि दहा दिवसांत गेला. योग्य उपचार मिळता तर तो वाचता, ही रुखरुख त्यांच्या मनातून गेली नाही.

१८७८ साली गोपाळराव कोल्हापूरच्या पोस्टात होते. तेथून त्यांनी अमेरिकन मिशनऱ्यांस पत्र लिहिले, आणि ते रेव्हरंड वाइल्डर ह्यांच्याकडे गेले. वाइल्डर साहेबांनी कोल्हापुरातच मिशनचे काम उभे केले होते. ह्या सुमारास ते अमेरिकेत परतून एक मासिक चालवीत होते. गोपाळरावांच्या पत्रात मागण्या दोन होत्या. पत्नीला अमेरिकेत शिकवायचे आहे, तिला साहाय्य व्हावे. आणि मलाही तिकडे एखादी नोकरी पाहून द्यावी. माझ्या मते अर्ज फसला तो येथेच. एका कागदावर दोन अर्जदार आले की वाचणाऱ्यास नेमके कोणासाठी उठायचे ते कळत नाही. शिवाय जिच्या शिक्षणाची गोष्ट, तिचा शब्द त्यात नव्हता. उत्तर आले ते असे की ख्रिस्ती व्हाल तर साहाय्याचा विचार करू. जोशी दांपत्याने ते मानले नाही.

परंतु वाइल्डर साहेबांनी हा पत्रव्यवहार मासिकात छापला होता. १८८० साली न्यू जर्सीतील रोझेल गावच्या थिओडिशिया कार्पेंटर नावाच्या बाई दंतवैद्याकडे गेल्या असता खोळंबून बसल्या होत्या. हाताशी ते मासिक लागले. वाचून त्यांनी आपण होऊन आनंदीबाईंस पत्र लिहिले. ज्याच्या नावे अर्ज होता त्याने अट घातली आणि जिचा काही संबंध नव्हता तिने दार उघडले! पुढे तीन वर्षे पत्रे चालली, आणि आनंदीबाई त्यांना मावशी म्हणू लागल्या.

गोपाळरावांची बदली बंगालात झाली होती. तेथे श्रीरामपूरच्या कॉलेजात २४ फेब्रुवारी १८८३ रोजी आनंदीबाईंनी इंग्रजीतून भाषण केले. आपण का जातो, एकटीच का जातो, हे सांगून हिंदू म्हणून जाईन आणि हिंदू म्हणूनच परतेन असे त्यांनी भर सभेत जाहीर केले. ७ एप्रिलला कलकत्त्याहून बोट सुटली. नवरा मागे राहिला. जूनच्या आरंभी त्या न्यूयॉर्कला उतरल्या आणि कार्पेंटरबाईंच्या घरी राहिल्या.

तेथूनच, २८ जून १८८३ रोजी, त्यांनी फिलाडेल्फियातील पेनसिल्व्हेनियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय कॉलेजाकडे प्रवेशासाठी लिहिले. पत्र आल्फ्रेड जोन्स ह्यांच्या नावे आहे. अर्जदार अठरा वर्षांची. ह्या पत्राचा नुसता क्रम पाहावा. प्रवेशाच्या सगळ्या अटी आपण पुऱ्या करू शकणार नाही, हे त्या स्वतःच सांगून टाकतात. आपली गोष्ट नेहमीची नव्हे म्हणून सवलत मागतात. प्रकृती ठीक असल्याचे कळवतात. आप्तांचा आणि जातीचा विरोध पत्करून ज्या निश्चयाने इथवर आले तोच निश्चय अभ्यासात उपयोगी पडेल असे म्हणतात. मग मुख्य गोष्ट: माझ्या देशातल्या बायका पुरुष डॉक्टरकडून औषध घेण्यापेक्षा मरण पत्करतात, त्यांच्यासाठी मला हे शिकायचे आहे. स्वतःकरिता काही मागत नाही, हेही त्या बजावतात. उणीव आधी, कारण नंतर, आणि लाचारी कोठेच नाही. आमची मुले उणीव दडवतात आणि आर्जवे वाढवतात. ह्या मुलीने नेमके उलटे केले.

कॉलेजच्या डीन रेचेल बॉडली ह्यांनी प्रवेश दिला. तो काळ सोपा गेला नाही. थंडी, परकी हवा, शाकाहारी जेवणाचे हाल, त्यात क्षयाने धरले. पत्रात ठीक म्हणून लिहिलेली प्रकृती तेवढी टिकली नाही. ११ मार्च १८८६ रोजी पदवी मिळाली. समारंभाला पंडिता रमाबाई हजर होत्या. प्राचीन आर्य हिंदूंचे प्रसूतिशास्त्र हा त्यांच्या प्रबंधाचा विषय होता.

आता उलटा प्रकार झाला. कोल्हापूर दरबाराने आपण होऊन त्यांना नेमणूक देऊ केली: आल्बर्ट एडवर्ड इस्पितळात स्त्रियांच्या विभागाची प्रमुख. पुढे छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालय झालेले आणि लोकांच्या तोंडी थोरला दवाखाना असलेले तेच हे ठिकाण. ज्या गावच्या टपालात नवऱ्याने पत्र टाकले, त्याच गावाने आठ वर्षांनी बायकोला बोलावले. आनंदीबाईंनी ही जागा स्वीकारली.

१८८६ च्या अखेरीस त्या मुंबईत उतरल्या त्या आजारी होऊनच. पुण्यात आणून वैद्य झाले, डॉक्टर झाले. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी, बावीस वर्षेही पुरी झाली नव्हती तोच, त्या गेल्या. कोल्हापूरच्या त्या विभागाचा ताबा त्यांना कधीच घेता आला नाही. त्यांची रक्षा कार्पेंटरबाईंकडे अमेरिकेस पाठवण्यात आली, आणि बाईंनी ती न्यूयॉर्क राज्यातील पकिप्सी येथे, आपल्या कुटुंबाच्या दफनभूमीत ठेवली. तेथील दगडावर आनंदीबाईंच्या नावापुढे एम.डी. ही अक्षरे कोरलेली आहेत.